एस

शिष्यवृत्तीला अठ्ठावीस दिवस.
बेटावदची जिल्हा परिषद शाळा, पाचवीचा जादा तास.
फळ्याच्या कोपऱ्यात रोज एक आकडा पुसते
आणि एकाने कमी करून लिहिते.

आधी आर्टिकल झालं.
ए, ई, आय, ओ, यू यांच्या आवाजापुढे अ‍ॅन,
बाकीच्यांपुढे अ.
निखिलेश बोरसेचा हात वर:
मॅडम, ज्वारीला अ, उडदाला अ‍ॅन,
मग कळण्याच्या भाकरीला काय?
मी हसले नाही. हसलं की तास जातो.
अवर लिहिलं, त्यातला एच मुका आहे म्हटलं.
मुका आहे तर बसवला कशाला?
वाक्याच्या मधोमध आला तरी आय मोठाच काढायचा, म्हटलं,
तर मागून कुणीतरी हळूच म्हणालं, सरपंच.

हे सगळं जमतं त्यांना.
अडतं ते एसवर.

आय गोज. यू गोज. वुई गोज टू स्कूल.
एकतीस वह्या, आणि पोळ्याला शिंगांना गोंडे बांधावेत
तसा प्रत्येक क्रियापदाला एस.
मी खोडते. पाच वेळा लिहून आणा म्हणते.
पाच वेळा आय गोज येतं,
आधीपेक्षा चांगल्या अक्षरात.

रविवारी अमळनेरहून भावाचा फोन.
कव्हय येस वं, ताई?
येस ना, म्हटलं, पोरेस्ना पेपर व्हयनात का येस.
आणि फोन तसाच कानाला धरून उभी राहिले.
मी येस. तू येस. तो येस.
आमच्या घरात एस सगळ्यांना मिळतो,
पंगतीत वाढल्यासारखा, कोण कुठे बसलंय न बघता.
डीएडला असताना धुळ्याच्या होस्टेलात
आरशासमोर मी तो जिभेवरून घासून काढला होता:
येते, जाते, करते, येते, जाते, करते.
तो आता पोरांच्या वह्यांत
इंग्रजीचे कपडे घालून परत आला होता
आणि मीच त्याच्यावर लाल पेन चालवत होते.

सोमवारी फळ्यावर दोन रकाने आखले.
डावीकडे लिहिलं: मी जास, तू जास, तो जास.
वर्ग गप्प.
घरची बोली खडूने लिहिता येते,
हे त्यांना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.
इंग्रजी जरा हात आखडून देते, मी म्हटलं.
मला एस देत नाही, तुलाही नाही,
फक्त ही, शी, इट.
तेही एकेकटे असतील तोवर,
दोघं झाले की काढून घेते.
का, मॅडम?
का ते गाईडमध्ये नव्हतं.

उन्नती कोळी सहसा बोलत नाही.
ती बोटं मोजत होती.
मी इथे आहे, म्हणाली. तुम्ही इथे आहेत.
तो इथे नाही.
जो वर्गात नसतो, त्याला देतात.

पंधरा वर्षं शिकवतेय मी हा नियम.

रुळांवरून सुरतेकडची पॅसेंजर गेली,
खिडकीची एक काच नेहमीसारखी वाजली.
मग उदाहरण दे, मी म्हटलं, फळ्यावर.
तिने टाचा उंच करून लिहिलं:
माय फादर वर्क्स इन उधना.
ही कम्स ऑन होळी.
ऑन की अ‍ॅट, ते मी उद्यावर टाकलं.
वर्क्सचा एस तिने सगळ्यांत मोठा काढला होता,
शेपूट ओढून,
पार खालच्या ओळीत गेलेला.

पेपरात चार पर्याय येतील, एक गोल काळा करायचा,
बाहेर सांडला तर मार्क जातो.
एवढंच सांगायचं होतं खरं तर.

निखिलेशने त्यानंतरही आय गोज लिहून आणलं.
मॅडम, मी जास ना, म्हणाला.
खोडलं. नियम आहे.
पण पेन्सिलीने.

त्या दिवशी कोपऱ्यातला आकडा
कमी करायचा राहूनच गेला.